पोस्टर एक, सिनेमा दुसरा

गेल्या दिवाळीतली गोष्ट. शेजारची आक्का धावत आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, माझ्या लग्नाची फिल्म गेली! तिच्या जागी कोण गोरी मडम येऊन बसलीय!"

आम्ही चप्पल घातली आणि निघालो.

आक्काच्या मुलाने टीव्हीला संगणक जोडला आहे. घरातले सारे चित्रपट त्याने एका हार्ड डिस्कवर भरले आहेत. ते नीट मांडून दाखवायला जेलीफिन नावाचा प्रोग्रॅम आहे. हा २०१८ साली निघाला. पैसे पडत नाहीत. फळीवर डबे मांडावेत तसे तो चित्रपट मांडतो. प्रत्येकावर पोस्टर, नाव आणि साल.

आक्काचे लग्न १९९६ सालचे. त्या वेळी व्हिडिओ कॅसेट काढली होती. पुढे तालुक्याच्या एका दुकानातून ती संगणकात उतरवून घेतली. तीत आक्काची आई आहे. आई आता नाही. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मुलाचे बोट बटणावर होते. "हा इंग्रजी पिक्चर कुणी टाकला? डिलीट करतो."

"थांब बाबा," आम्ही म्हणालो. "आधी लावून तर बघ."

लावले. आत सनई वाजत होती! मडम नव्हतीच. आक्का मुंडावळ्या बांधून उभी होती.

हे कसे झाले? हा प्रोग्रॅम चित्रपट पाहत नाही. फाईलचे नाव तेवढे वाचतो. पोस्टमन पाकीट फोडत नाही, वरचा पत्ता वाचतो, तसे. दुकानदाराने फाईलला इंग्रजीत 'वेडिंग' एवढेच नाव दिले होते. प्रोग्रॅमने इंटरनेटवरच्या चित्रपटांच्या यादीत ते नाव शोधले. तिथे परदेशी चित्रपट सापडला. त्याचे पोस्टर इथे चिकटवले. त्या बिचाऱ्याला आक्काचे लग्न काय ठाऊक!

आता बटणाचे ऐका. जेलीफिनमध्ये 'डिलीट' दाबले आणि 'हो' म्हटले, की नुसते पोस्टर जात नाही. डिस्कवरची फाईलही जाते. आक्काची आई गेली असती. म्हणून पोस्टर चुकले तर आधी चित्रपट लावून पाहा. डिलीटला हात लावू नका.

मग दुरुस्ती केली. 'घरचे' नावाचा वेगळा फोल्डर केला. तो चित्रपटांच्या फोल्डरच्या बाहेर ठेवला. लग्नाची फाईल त्यात नेली. जेलीफिनमध्ये हा फोल्डर जोडताना प्रकार विचारतात. तिथे 'मूव्हीज' न निवडता 'होम व्हिडिओज' निवडले. या प्रकाराला प्रोग्रॅम बाहेरची पोस्टरे आणत नाही. शेवटी 'स्कॅन' दाबले, म्हणजे प्रोग्रॅमला पुन्हा मोजणी करायला लावली. मडम गेली.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "गुरुजी, 'श्यामची आई' पण चुकतंय." ते चुकणारच. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' १९५३ चा. त्याच नावाचा दुसरा चित्रपट २०२३ साली आला. फाईलवर साल नव्हते. प्रोग्रॅमने जुन्याला नव्याचे पोस्टर लावले. गावात एकाच नावाची दोन माणसे असली, तर आपण बापाचे नाव विचारतो ना? चित्रपटाला साल विचारावे. फाईलच्या नावापुढे कंसात साल लिहावे. नाव इंग्रजी अक्षरांत आणि साल इंग्रजी आकड्यांत असलेले बरे. एवढ्याने भागले नाही तर पोस्टरवरचे तीन ठिपके दाबावेत. तिथे 'आयडेंटिफाय' असते. नाव आणि साल घालून बरोबर चित्रपट आपणच निवडावा.

कधी पोस्टर दिसते पण चित्रपट चालत नाही. तेव्हा पहिल्यांदा डिस्कची वायर पाहा. आक्काच्या घरी ती झाडलोट करताना दोनदा निघाली होती.

दुसऱ्या दिवशी मुलाने नवी डिस्क आणली. लग्नाच्या फिल्मची दुसरी प्रत तिच्यावर उतरवली. ती डिस्क आक्काने कपड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. फाईलचे नाव आक्कानेच टाईप केले. पहिल्यांदा कंस विसरली. दुसऱ्यांदा बरोबर आले. मग फिल्म लावली. पंगतीत आई जावयाला जिलबीचा आग्रह करत होती. आक्काने तेवढा भाग तीनदा पाहिला.