बाबागाडी, चाकांची खुर्ची व बसमधील जागा

कोल्हापुरांत बाबागाडी घेऊन महानगरपालिकेच्या बसमध्यें चढणारी माता क्वचितच आढळते. आपल्याकडील लेंकरूं आईच्या कडेवर बसूनच प्रवास करतें. तरी पण छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाकडे जाणाऱ्या बसमध्यें एकीकडे तान्हें मूल घेतलेली स्त्री, दुसरीकडे कुबड्या टेकीत आलेला गृहस्थ व मध्यें कोणाची तरी भाजीची पाटी, हा देखावा आपणांपैकीं कोणास नवा नाहीं. जागा थोडी आणि गरजवंत अनेक. अशा वेळीं ती कोणास द्यावी, हा प्रश्न केवळ सौजन्याचा कीं न्यायाचा, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

इंग्लंडांत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१२ च्या फेब्रुवारींत डग पॉली नांवाचे गृहस्थ वेदरबी गांवाहून लीड्स येथें जाण्यास निघाले. ते चाकांच्या खुर्चीवर बसून हिंडत. बसमध्यें खुर्चीसाठीं राखलेल्या जागेंत एका स्त्रीनें बाबागाडी ठेविली होती व तींत तिचें मूल झोंपलें होतें. चालकानें गाडीची घडी करण्याची विनंति केली. घडी होत नाहीं, असें ती म्हणाली. पॉली यांस मागील बसची वाट पाहावी लागली व पुढील आगगाडी चुकली. ता. १८ जानेवारी २०१७ रोजीं सात न्यायाधीशांनीं निर्णय दिला कीं, चालकानें एकदां विनंति करून स्वस्थ बसणें पुरेसें नाहीं. नकार अवाजवी वाटल्यास त्यानें अधिक आग्रह धरावा, प्रसंगीं बस कांहीं मिनिटें थांबवावी. मात्र त्या स्त्रीस बसमधून उतरवावेंच, असें न्यायालयानें म्हटलें नाहीं.

ही जागा मोठी नसते. तिकडील नियमाप्रमाणें ती १३०० मिलिमीटर लांब व ७५० मिलिमीटर रुंद, म्हणजे जेमतेम एका खाटल्याएवढीही नव्हे. पुष्कळदां खुर्ची तेथें बसच्या मागील बाजूस तोंड करून उभी करितात. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांस याचें कारण सहज कळेल: ब्रेक लागतांच शरीर पुढें झेंपावतें, तेव्हां पाठीशीं भक्कम फळी असली म्हणजे इजा होत नाहीं.

बाबागाडीची बहुधा घडी होते व मूल मांडीवर घेतां येतें. चाकांची खुर्ची म्हणजे त्या मनुष्याचे पायच होत, ते तो कोठें काढून ठेवणार? म्हणून पहिला हक्क खुर्चीचा, असें आमचें मत आहे. परंतु एका हातांत मूल व दुसऱ्या हातांत पिशवी असतां गाडी मिटणें किती कठीण, हें मातांस विचारावें. वाद दोघां गरजवंतांत लागतो आणि धडधाकट उतारू खिडकींतून बाहेर पाहत बसतात! मूल कोणी क्षणभर घेतलें, पिशवी कोणी धरिली, तर वादाचें कारणच उरत नाहीं. कफर्णहूमांतील पक्षघाती मनुष्यास दारांतील गर्दीनें वाट दिली नाहीं, म्हणून चौघांस छप्पर उस्तरावें लागलें, ही शुभवर्तमानांतील हकीकत येथें आठवते.

आपल्या शहरांत असा तंटा ऐकूं येत नाहीं. पण त्याचें कारण सुखाचें नव्हे. खुर्ची बसच्या दारापर्यंत आली तरी पायऱ्यांवर अडते. याच कोल्हापुरांत नसीमा हुरजूक यांनीं १९८४ सालीं ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापिली. ‘चाकाची खुर्ची’ हें त्यांचें आत्मचरित्र वरच्या वर्गांतील मुलांनीं अवश्य वाचावें. दिव्यांगांच्या हक्कांविषयीं २०१६ चा कायदा झाला, त्याच्या ४१ व्या कलमांत बसथांबे व वाहनें त्यांस वापरतां येतील अशीं करण्याचें कर्तव्य सरकारवर घातलें आहे.

सखल तळाच्या बसचा तळ रस्त्यापासून सुमारें ४०० मिलिमीटर उंच असतो. तुम्ही ज्या बसनें शाळेस येतां, तिच्या पायऱ्या किती व तळ किती उंच, हें थांब्यावर बस उभी असतां वडील माणसांसमवेत मोजून पाहा आणि तो आंकडा भूगोलाच्या वहींत टिपून आणा.