हृदयाला जिवंत ठिगळ

बोट कापले तर काही दिवसांत जखम भरून येते. मोडलेले हाडही कालांतराने सांधते. हृदयाच्या स्नायूला ही देणगी फार थोडी लाभली आहे. त्याला रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीने बंद पडली, की तो भाग मरतो व त्या जागी व्रण तयार होतो. व्रणामुळे हृदयाची भिंत टिकून राहते; परंतु व्रण आकुंचन पावत नाही. मग उरलेल्या स्नायूवर कामाचा बोजा पडतो आणि हृदय ताणले जाऊन दुबळे होते.

नुकसान व भरपाई

एका मोठ्या झटक्यात सुमारे १०० कोटी स्नायुपेशी नष्ट होऊ शकतात. शरीर त्यांची भरपाई कितपत करते? १९५० नंतर उघड्यावर झालेल्या अणुबाँबच्या चाचण्यांनी वातावरणातील किरणोत्सर्गी कार्बन वाढला. तो अन्नावाटे माणसाच्या शरीरात शिरला आणि पेशींच्या केंद्रकांत त्यांच्या जन्मकाळाची जणू नोंदच झाली. ती वाचून स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखविले, की पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का व पंचाहत्तरीत जेमतेम ०.४५ टक्का स्नायुपेशी नव्या होतात. एवढ्याने झटक्याची हानी भरून येणे शक्य नाही.

परळ येथील प्रयत्न

मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. सरपटणाऱ्या प्राण्यांत हृदयाच्या भिंतीचा बराच भाग पोकळीतील रक्तावरच थेट पोसला जातो. मग माणसाच्या हृदयातही तशी वाट का करू नये? सेन, उडवाडिया, परुळकर प्रभृतींनी हृदयाची भिंत सुईने जागोजाग विंधण्याची पद्धत १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे हेच काम इतरांनी लेसर किरणांनी करून पाहिले. अशी छिद्रे बुजून जातात, ही अडचण मात्र राहिली. तरीही या प्रयत्नामागील तत्त्व अबाधित आहे: रक्त आत पोहोचल्याखेरीज स्नायू जगत नाही.

ठिगळ कसे तयार होते?

जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या व २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींची अवस्था प्राप्त करून दिली. अशा पेशींपासून हृदयाच्या स्नायुपेशी बनविता येतात; त्या काचेच्या बशीतही धडधडू लागतात. त्यांचा पापुद्रा न फाटता उचलावयाचा कसा? तोक्यो येथील तेरुओ ओकानो यांनी बशीच्या तळावर एका विशिष्ट बहुवारिकाचा लेप दिला. ३७ अंश सेल्सिअसला पेशी त्याला चिकटून वाढतात. तापमान ३२ अंशांखाली आणले, की लेप पाणी शोषून फुगतो आणि पापुद्रा अखंड सुटून येतो.

तीन अडचणी

पहिली अडचण परळच्या प्रयोगातलीच. केशवाहिनीपासून सुमारे ०.१ ते ०.२ मिलिमीटरपलीकडील पेशी प्राणवायूवाचून उपाशी राहतात. म्हणून रक्तवाहिन्यांविना जाड ठिगळ जगत नाही. दुसरी अडचण तालाची. नव्या पेशी हृदयाच्या ठेक्याशी जुळल्या नाहीत, तर ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. तिसरी अशी, की परक्या पेशींवर शरीर हल्ला करते. म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावी लागतात.

आज कोठवर?

ओसाका विद्यापीठात योशिकी सावा यांच्या पथकाने जानेवारी २०२० मध्ये अशा पेशींचे पापुद्रे प्रथमच एका रुग्णाच्या हृदयावर बसविले. जर्मनीतील ग्योटिंगेनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ४६ वर्षांच्या एका स्त्रीच्या हृदयावर जाड ठिगळे लावली. तीन महिन्यांनी तिच्यावर हृदयारोपण झाले, तेव्हा काढलेल्या हृदयावरील ठिगळे जिवंत होती व त्यांत रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. हा वृत्तान्त २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका रुग्णावरून उपचार सिद्ध होत नाही; परंतु पहिली अडचण ओलांडता येण्याजोगी आहे, एवढे त्यातून दिसले.

भारतातील पहिले हृदयारोपण डॉ. सेन यांनीच फेब्रुवारी १९६८ मध्ये केले. रुग्ण काही तासच जगला. आज ती शस्त्रक्रिया पुष्कळ सुरक्षित झाली आहे. तथापि तीसाठी लागणारे हृदय दुसऱ्या कोणाच्या मृत्यूनंतरच मिळते. ती वाट पाहण्याची वेळ काही रुग्णांवर तरी येऊ नये, यासाठी या ठिगळाचा खटाटोप चालू आहे.