दीर्घकालीन रक्ताचा कर्करोग : ओळख आणि निदान



रक्ताचा कर्करोग हे शब्द ऐकले की घर हादरते. पण सगळे ल्युकेमिया सारखे नसतात. तीव्र प्रकारात माणूस थोड्याच आठवड्यांत खंगतो. दीर्घकालीन म्हणजे क्रॉनिक प्रकार कित्येक वर्षे निमूट राहू शकतो. अमेरिकेत पुष्कळांना तो वार्षिक तपासणीतल्या साध्या सीबीसीमुळेच कळतो.

मुख्य प्रकार दोन. सीएलएलमध्ये लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढतात. अमेरिकेतील प्रौढांत हा सर्वाधिक आढळणारा ल्युकेमिया असून निदानाचे वय साधारण ७० असते. भारतात तो विरळ. सीएमएलची सुरुवात अस्थिमज्जेतील मूळ पेशीत होते; भारतात तो तुलनेने तरुण वयात दिसतो.

लक्षणे

• विश्रांतीनेही न जाणारा थकवा
• कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, कारण नसताना घटणारे वजन
• मान, काख किंवा जांघेत न दुखणाऱ्या गाठी
• डाव्या बरगडीखाली जडपणा, दोन घासांत पोट भरणे. हे प्लीहा वाढल्याने होते
• वारंवार होणारा संसर्ग

"वय झाले, थकवा येणारच" असे म्हणून आईवडिलांचे दुखणे बाजूला सारू नका.

निदान कसे होते?

पांढऱ्या पेशी सर्वसाधारणपणे ४,००० ते ११,००० असतात. एकदा आकडा वाढला म्हणजे कर्करोग नव्हे. संसर्गाने किंवा स्टेरॉइडनेही तो वाढतो. म्हणून तपासणी पुन्हा करतात.

बी-लिम्फोसाइट प्रति मायक्रोलिटर ५,००० किंवा अधिक, आणि तेही निदान तीन महिने टिकून असतील, तर सीएलएल मानतात. त्यासाठी दंडातल्या रक्ताची फ्लो सायटोमेट्री लागते; अस्थिमज्जा काढण्याची गरज बहुधा नसते.

सीएमएलची खूण म्हणजे फिलाडेल्फिया गुणसूत्र. नॉवेल आणि हंगरफोर्ड यांनी ते १९६० साली फिलाडेल्फियात शोधले. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाल्याने ते बनते, हे १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवले. त्यातून तयार होणारे बीसीआर-एबीएल जनुक आज पीसीआरने सापडते. यात अस्थिमज्जाही तपासतात.

निदानानंतर

सीएलएलमध्ये अनेकदा लगेच औषध देत नाहीत, फक्त ठरावीक काळाने तपासतात. हा हलगर्जीपणा नव्हे. त्रास नसताना लवकर औषध देऊन आयुष्य वाढत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. रोगाच्या पायऱ्या ठरवणारी 'राय' पद्धत १९७५ साली मांडली ती जोधपूरला जन्मलेले, न्यूयॉर्कचे डॉ. कांती राय यांनी. सीएमएलसाठी २००१ पासून इमॅटिनिबची गोळी आहे. ती नियमित घेणारे बहुतेक रुग्ण जवळपास पूर्ण आयुष्य जगतात. बरे वाटले म्हणून ती मनाने बंद करू नये.

शेवटी एक विनंती. ठाण्या-मुंबईहून आईवडील येतील तेव्हा लोणच्या-पापडांबरोबर त्यांचे जुने रक्ताचे रिपोर्टही मागवा. पेशी कधीपासून आणि किती वेगाने वाढत आहेत, हे डॉक्टरांना त्या कागदांवरूनच कळते.