मेकॅनिकल घ्यायच्या आधी एखादी राइस मिल बघून या

सीईटीचे पर्सेंटाइल लागले की आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर-मोहाडीकडून मला फोन सुरू होतात. "दादा, कॉम्प्युटरला नंबर लागत नाही, मेकॅनिकल भेटते. घेऊ का?" एवढंच कारण असेल तर घेऊ नको, असं मी सांगतो. चार वर्षं थर्मो आणि मशीन डिझाइन मन मारून वाचायचं आणि शेवटी पुण्यात जाऊन कोडिंगचा क्लास लावायचा, हा फेरा मी जवळून पाहिलाय. बंद पडलेला पंप दिसला की हात शिवशिवत असतील, तर मात्र बिनधास्त घे.

मी नागपूर विद्यापीठाशी संलग्न एका कॉलेजातून पदवी घेतली. पास होण्याची विद्या तिथे सगळ्यांनाच येते. मागच्या वर्षांचे पेपर, सीनिअरच्या नोट्स आणि ड्रॉइंगच्या शीटसाठी 'जीटी'. खाली बल्ब, वर काच, काचेवर मित्राची शीट आणि तिच्यावर आपली. शीट स्वच्छ निघते, सरांची सही होते, पण ड्रॉइंग वाचता येत नाही. त्याची वसुली मुलाखतीत होते. एका कंपनीत आमच्यासमोर एक बुश आणि त्याचं ड्रॉइंग ठेवलं होतं. भोकाचा व्यास 25 मिलिमीटर, पुढे एच-7. "हे भोक किती मोठं चालेल? आणि ते वर्निअरने तपासशील का?" फर्स्ट क्लासवाले गप्प. उत्तर असं, की ते 25 पासून 25.021 पर्यंत चालतं. वर्निअरचं लीस्ट काउंटच 0.02, म्हणजे सगळी सवलत त्यातच संपली. म्हणून तिथे गो-नो गो गेज लागतो. दोन्ही गोष्टी पुस्तकात आहेत, पण वेगवेगळ्या विषयांत. त्या एकत्र येतात त्या मशीनपाशीच.

आणि मशीन शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँडचे गिअरबॉक्स बनतात, जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. चिखल्याला भूमिगत मँगनीज खाण, डोंगरी बुजुर्गला उघडी. गोसेखुर्दच्या 33 दरवाजांची उचल-यंत्रणा हीसुद्धा मेकॅनिकलच. यातल्या बऱ्याच ठिकाणी परवानगीशिवाय गेट उघडत नाही. पण धानाची मिल गावोगाव आहे आणि मालक ओळखीचा निघतो.

सुट्यांमध्ये मी अशाच एका मिलमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली असायचो. धान सोलायच्या यंत्रात दोन रबर रोल वेगवेगळ्या गतीने फिरतात. त्या गतीच्या फरकामुळे दाण्यावरचं टरफल घासून निघतं. वेगाने फिरणारा रोल आधी झिजतो, व्यास कमी होतो, फरकही कमी होतो आणि न सोललेलं धान पुढे जायला लागतं. रोल जास्त दाबून चालवले तर तांदळाची कणी होते. सरकारी भरडाईत क्विंटलमागे साधा तांदूळ 67 किलो द्यायचा असतो, त्यामुळे ही झीज मालकाला खिशातच जाणवते. एलिव्हेटरच्या बेअरिंगमध्ये भुशाची धूळ जाते, ग्रीस घट्ट होतं, आवाज बदलतो. मिस्त्री म्हणायचा, "आधी आयक, मंग पाना धर." घर्षण, पट्ट्याचा ताण, बेअरिंगचं आयुष्य, भुशावर चालणारा बॉयलर, अर्धा अभ्यासक्रम तिथे पायांवर उभा होता.

शेवटच्या वर्षी आमच्या गटाने त्याच एलिव्हेटरच्या बेअरिंगला धूळरोधक झाकण बसवण्याचा प्रोजेक्ट घेतला. शेजारच्या गटाने नागपुरातून रंगवलेलं तयार मॉडेल आणलं. गुण त्यांना जास्त पडले, कारण आमचं झाकण दिसायला साधं होतं. मुलाखतीत मात्र त्यांना विचारलं, की इथे पट्टा सोडून चेन का घेतली? ते दुकानदाराला माहीत होतं.

असं असूनही कॅम्पसमधून माझी निवड झाली नाही. एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, बॅक लागला होता. पुढे तो निघाला, पण 'कधीच बॅक नको, दहावीपासून साठ टक्के' या अटीवर नाव गळालं. म्हणून पहिल्या वर्षाचं गणित हलक्यात घेऊ नका. त्याच्यावरच एम-थ्री उभं असतं.

पदवीनंतर मी ग्रॅज्युएट अप्रेंटिस झालो. अप्रेंटिस कायदा 1961 चा, त्यात 1973 मध्ये पदवी आणि पदविकावालेही आले. निकाल लागल्याबरोबर अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवा. विद्यावेतन थोडं मिळतं, कायम होण्याची हमी नसते. पण वर्षभर शिफ्ट, ब्रेकडाउन आणि मेंटेनन्सची नोंदवही हाताळायला मिळते. मला पुढची नोकरी त्या वर्षाच्या बळावर लागली. तिथे आयटीआयचा फिटर माझ्यापेक्षा जास्त जाणतो हे पहिल्या आठवड्यातच कळतं. त्याला 'भाऊ' म्हणा आणि विचारा.

याच काळात एजंट भेटतात. आमच्या एका मित्राच्या वडिलांनी सरकारी कारखान्यातल्या 'सेटिंग'साठी धानाचे पैसे मोजले. ना ऑर्डर आली, ना पैसे. जाहिरात क्रमांक नसलेली, पावती न देणारी नोकरी नसतेच, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आता पुढची आखणी. पहिल्या दोन वर्षांत जीटी न मारता शीट काढा, वर्निअर-मायक्रोमीटर हातात बसू द्या. तिसऱ्या वर्षापासून गेट देता येते, आणि तो स्कोअर तीन वर्षं चालतो. एमपीएससीतून सहायक मोटार वाहन निरीक्षक, रेल्वेचा जेई, ही स्वप्नं आपल्याकडे बऱ्याच पोरांची असतात. जरूर पाहा, पण मुदत ठरवून आणि नोकरी करत. दोन-तीन वर्षांची रिकामी जागा रेझ्युमेवर झाकता येत नाही.

जिल्ह्यात सगळ्यांना पुरतील एवढ्या जागा नाहीत. बुटीबोरी, हिंगणा किंवा चाकण गाठावं लागतं. पहिल्या पगारातून खोलीचं भाडं, मेस आणि कर्जाचा हप्ता गेल्यावर काय उरतं, हे प्रवेश घेण्याआधीच बाबांसोबत बसून कागदावर मांडा. आकडा पचत नसेल तर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा रस्ता आहे, आयटीआयचाही आहे. त्यात कमीपणा नाही. कारखान्यात पहिली हाक आयटीआयवाल्यालाच जाते.