प्रश्न घेऊन शिकणे

खेड्यात शिकविणाऱ्या बंधुभगिनींस एक अनुभव वारंवार येतो. धडा सांगितला, ऐकणाऱ्यांनी माना डोलाविल्या, दुसऱ्या दिवशी विचारले तर सर्वांस तोंडपाठ; आणि महिन्याने पाहावे तो घरोघर जुनेच वर्तन चालू. अशा वेळी आपण बहुधा ऐकणाऱ्यांस दोष देतो. प्रस्तुत लेखकानेही तो पुष्कळ दिला आहे. परंतु दोष शिकविण्याच्या रीतीतही असू शकतो, ह्याचा विचार ह्या पाठात करावयाचा आहे.

कशेडी घाटाच्या अलीकडील महाड व पोलादपूर ह्या तालुक्यांत हा प्रश्न केवळ शाळेपुरता नाही. २००५ च्या जुलै महिन्यात महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगराचा भाग खाली आला व ८० हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही घरे गाडली गेली. उतारावर भेग दिसली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर जागा सोडावी, हे आता कोणीही सांगेल. पण मध्यरात्री कोणी कोणाचे दार ठोठवावे? अंथरुणास खिळलेल्या म्हातारीस कोणी उचलावे? गोठ्यातल्या म्हशीचे दावे सोडल्यावाचून जो घरधनी निघत नाही, त्यास काय म्हणावे? ह्यांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात लिहून ठेविलेली नाहीत.

रेजिनल्ड रेव्हन्स (१९०७ ते २००३) ह्या इंग्रज गृहस्थांनी ह्याच अडचणीवर आयुष्य वेचले. ते मूळचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत मोठमोठे पंडित एकत्र बसून, आपणांस काय उमगत नाही ते एकमेकांस मोकळेपणाने सांगत. ही गोष्ट त्यांच्या मनात ठसली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींच्या शिक्षणखात्यात असता त्यांनी खाणींच्या व्यवस्थापकांस व्याख्याने ऐकविण्याऐवजी लहान मंडळींत बसविले. प्रत्येकाने आपल्या खाणीतील खरी अडचण मांडावी, इतरांनी सल्ला न देता प्रश्न विचारावे, मग जाऊन काही करून पाहावे आणि परत येऊन काय झाले ते सांगावे. शिक्षण म्हणजे शिकविलेले ज्ञान अधिक नेमका प्रश्न, असे त्यांनी बेरजेच्या रूपात मांडिले. ह्यास आज कृतिशिक्षण म्हणतात.

केवळ हातांनी काम करणे म्हणजे कृतिशिक्षण नव्हे, हे नीट ध्यानात घ्यावे. वीस वर्षे तेच काम करूनही मनुष्य काही न शिकलेला आढळतो. केलेल्या कामाकडे परत वळून पाहणे, आणि तेही सोबत्यांच्या देखत, हा ह्या रीतीचा गाभा आहे.

आपल्या महाराष्ट्रात ह्याच्या अगदी जवळचे उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातील त्या दुष्काळी भागात कार्य आरंभिले. प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. तो उपाय फारसा लागू पडला नाही. मग गावातल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांत अक्षरओळख नसलेल्या कित्येक, आणि ज्यांच्या हातचे पाणीही पूर्वी कोणी घेत नसे अशाही होत्या. त्या आठवड्यास जामखेडला येत, मुक्काम करीत, आणि गावात काय घडले ते सांगत: हे मूल दगावले, ती बाळंतीण सासूच्या भयाने आली नाही. दुसरी विचारी, तू सासूशी बोललीस काय? पुढील आठवड्यास त्याचे उत्तर आणावे लागे. वैद्यकीय ज्ञान डॉक्टर देत. परंतु ते कोणत्या दारातून आत जाईल, हे त्या बायकांनी एकमेकींपासून शिकून घेतले. १९७९ साली ह्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता कशेडीकडील शिक्षकाने काय करावे? पाचसहा जण जमवावे, अधिक नको. त्यांत निदान दोन स्त्रिया असाव्या, कारण झऱ्याचे पाणी गढूळ झाल्याचे त्यांनाच आधी कळते. प्रत्येकास स्वतःच्या घराचा एक प्रश्न आणण्यास सांगावे. एकाने सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा अंगणात उघड्यावर ठेवून रोज सकाळी ठराविक वेळी त्यातील पाणी पट्टीने मोजावे व डबा रिता करावा. दुसऱ्याने घरामागील भेगेच्या दोन्ही बाजूंस खुंट्या ठोकून त्यांमधील अंतर पाहावे. तिसऱ्याने रात्री, भर पावसात, म्हातारीस शाळेपर्यंत खरोखर नेऊन पाहावे. वाटेतला ओढा ओलांडता येत नाही, हे दिवसा फळ्यावर काढलेल्या नकाशात दिसत नाही. मात्र भेग रुंदावताना दिसली तर पुढील बैठकीची वाट पाहू नये. तत्काळ माणसे हालवावी आणि तलाठ्यास कळवावे.

शिक्षकास ह्यात सर्वांत कठीण काम आहे, ते गप्प बसण्याचे. उत्तर ओठांवर येते, आणि आपण ते दिले की मंडळी पुन्हा माना डोलावू लागतात. तेव्हा बैठकीत पहिले वाक्य एवढेच असावे: मागच्या वेळी काय करू म्हणाला होता, आणि काय झाले? ज्याने काहीच केले नाही त्यास रागावू नये. का जमले नाही, हे विचारावे. पुष्कळदा म्हशीची गोष्ट तेथेच निघते, आणि शेजारी म्हणतो, तिचे दावे मी सोडीन, तू आईस घेऊन नीघ.