काळ्या दगडासाठी कागद

अंबरनाथच्या शिवमंदिरात सभामंडपातून गाभाऱ्याकडे उतरताना पायरीगणिक उजेड कमी होतो आणि तळाशी पोचल्यावर उघड्या शिखरातून तो पुन्हा खाली येतो. शके ९८२, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन मंदिर काळ्या बेसाल्टचे आहे. १८६८ मध्ये सरकारने त्याची रेखाचित्रे, साचे आणि छायाचित्रे करवून घेतली. त्या काळी छायाचित्रे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर छापत.

प्रस्तुत लेखकाने दोन हिवाळे खर्चून बारा कृष्णधवल छायाचित्रे निवडली : दहा या मंदिराची, दोन बदलापूरजवळ उल्हास नदीवर उतरलेल्या धुक्याची. छपाईला मात्र त्याने एक दुपारही दिली नाही. उल्हासनगरात एका दुकानात ‘फाइन आर्ट, ३०० जीएसएम’ एवढे ऐकून त्याने सगळी छायाचित्रे एकाच पांढऱ्याशुभ्र मॅट कागदावर छापून घेतली. जीएसएम हे चौरस मीटरमागचे वजन. काळा किती खोल उतरेल, हे त्यावरून कळत नाही.

सभामंडपातल्या चार कोरीव खांबांपैकी मागचे दोन प्रिंटमध्ये दिसेनातच. मॅट कागदाचा खरबरीत पृष्ठभाग प्रकाश चहूकडे विखुरतो. चांगल्या मॅटवरचा काळादेखील पडलेल्या प्रकाशातला साधारण दोन टक्के परत पाठवतो, तर बरायटा कागदावरचा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. हा बेरियम सल्फेटचा थर असलेला, डार्करूमच्या जुन्या कागदाच्या वळणाचा कागद. काळ्या दगडावरच्या कोरीव कामात हा फरक सगळे चित्र वाचवतो किंवा बुडवतो.

शाईनेही दगा दिला. सहा रंगांच्या डाय शाईच्या प्रिंटरने राखाडी छटा रंगीत शाया मिसळून बनवल्या होत्या. ट्यूबलाइटखाली त्या हिरवट दिसत, खिडकीपाशी गुलाबी.

मग पावसाळा आला. काही प्रिंट माउंटशिवाय थेट काचेला टेकवून फ्रेम केले होते. ते दमटपणाने काचेला चिकटले आणि सोडवताना शाईचा थर निघून आला. उरलेल्या एका प्रिंटचा माउंट वर्षभराने काढला, तेव्हा झाकलेली कड पांढरी होती आणि उजेडातला भाग पिवळट. त्या कागदात झळाळीची रसायने होती. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत घालतात, त्याच जातीची. उजेडाने ती निकामी होतात आणि कागदाचा मूळ रंग वर येतो. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात कागदावर धरावा. कागद निळा लखलखला, तर ही रसायने आहेत.

दुसऱ्या वेळी लेखकाने आधी नमुने मागवले. खांबांचा सर्वांत गडद तुकडा पोस्टकार्डाच्या आकारात तीन कागदांवर काढला : हानेम्यूलेचा फोटो रॅग ३०८ हा मॅट, त्याच कंपनीचा फोटो रॅग बरायटा ३१५ आणि झळाळीची रसायने नसलेला कॅन्सनचा प्लॅटिन फायबर रॅग ३१०. छपाई पिगमेंट शाईच्या, काळ्यासोबत वेगळ्या राखाडी शाया असलेल्या प्रिंटरवर केली. मॅटसाठी मॅट ब्लॅक शाई, बाकी दोन्हींसाठी फोटो ब्लॅक आणि प्रत्येक कागदाचे स्वतःचे रंग-प्रोफाइल, एवढे दुकानदाराला विचारून पक्के करून घ्यावेच. कापसाच्या कागदावरचे तंतू छपाईआधी मऊ ब्रशने झटकावेत, नाहीतर ते नंतर गळून काळ्यात पांढरे ठिपके राहतात. तुकडे एक दिवस सुकू दिले आणि ज्या भिंतीवर चित्र लागणार, तिथल्याच दिव्याखाली पाहिले.

मंदिराची दहाही छायाचित्रे प्लॅटिनवर गेली. मागचे दोन खांब त्यांवरच्या नक्षीसकट उभे राहिले. धुक्याची दोन मात्र मॅटवरच ठेवली. त्यांत गडद काळा नव्हताच, आणि बरायटाच्या चकाकीने पाण्यावरचा फिकटपणा कडक दिसत होता. सगळी आता जाड माउंटमध्ये, काचेपासून दूर आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर कागद, शाई आणि तारीख मऊ पेन्सिलीने लिहिली आहे.