औषधसाठ्याचे नियोजन : महाड-पोलादपूरचा धडा

शासकीय रुग्णालयात हवे ते औषध हव्या त्या वेळी नसेल, तर अचूक निदान होऊनही रुग्णाचे प्राण वाचतीलच असे नाही. उलट, गरजेपेक्षा अधिक साठा केल्यास औषधे मुदतबाह्य होऊन जनतेचा पैसा वाया जातो. या दोहोंतील समतोल साधणे म्हणजेच साठा-व्यवस्थापन होय.

किंमत आणि महत्त्व

औषधांची वर्गवारी खर्चानुसार होते, तशीच ती जीवरक्षक, आवश्यक व इष्ट अशीही होते. या दोन याद्या जुळतातच असे नाही. महाड तालुक्यातील बिरवाडी येथे १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचा अभ्यास केला. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर होणारा घातक परिणाम रोखण्यास प्राझोसिन ही रक्तदाबावरील गोळी उपयुक्त ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. खर्चाच्या यादीत तळाशी असणारी ही गोळी येथे जीवरक्षक ठरते.

मागणी केव्हा नोंदवावी?

दैनंदिन वापराला पुरवठ्यास लागणाऱ्या दिवसांनी गुणून त्यात राखीव साठा मिळवावा. समजा, सर्पविषरोधक लसीच्या रोज २ कुप्या लागतात आणि पुरवठ्यास २० दिवस लागतात. या ४० कुप्यांत राखीव ३० मिळवल्यास, साठा ७० वर येताच मागणी नोंदवली पाहिजे. मात्र वार्षिक सरासरी येथे फसवी ठरते. भातलावणीच्या दिवसांत सर्पदंश वाढतात आणि विषबाधा झालेल्या एका रुग्णासच पहिल्या मात्रेत साधारणतः ८ ते १० कुप्या लागतात.

पाऊस आणि रस्ते

जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड शहर जलमय झाले. तळिये येथे व पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. अशा वेळी औषधांची गरज वाढते आणि नेमके तेव्हाच रस्ते बंद होतात. म्हणून राखीव साठा मेअखेरीस पूर्ण करावा, भांडार पूररेषेच्या वर असावे आणि दुर्गम केंद्रांकडे त्यांचा वाटा आगाऊ पोहोचवावा.

नोंदींची शिस्त

ज्या औषधाची मुदत आधी संपते, ते आधी वापरावे. नोंदवहीतील आकडा व फळीवरील प्रत्यक्ष साठा नियमितपणे ताडून पाहावा. संगणकीय प्रणाली असली तरी चुकीच्या नोंदीवरून ती योग्य मागणी सुचवू शकत नाही. भांडारपालाची ही दक्षता हाही रुग्णसेवेचाच एक भाग होय.